शाईपेनाने डावरेपणा ‘जातो’ म्हणे!

वहिनीने काल एक लांबलचक मेसेज पुढे ढकलला. मुलांना पहिलीपासून शाईपेनच द्या. मेंदू वाढतो हे संशोधनाने सिद्ध झालंय, अक्षर सुधारतं, बॉलपेनने बोटं बिघडतात आणि डावरी मुलं आपोआप उजव्या हाताने लिहू लागतात! एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण पुतणी सात वर्षांची आहे, डावरी आहे आणि तिच्या हातात शाईपेन आलंसुद्धा.

आधी तो शेवटचा दावा. संध्याकाळी तिची वही पाहिली. प्रत्येक ओळ निळी फरफटलेली, करंगळीपासून मनगटापर्यंत हात निळा. होणारच. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्यामुळे डावा हात ओल्या शाईवरूनच पुढे सरकतो. शिवाय उजवा हात निब ओढतो, डाव्याला ती बऱ्याचदा ढकलावी लागते; टोक कागदात रुततं, खरखरतं. वैतागून मूल हात बदलेलही. याला ‘आपोआप’ म्हणायचं? पूर्वी हेच काम छडी करायची. डावरेपणा हा काही रोग नाही. द्यायचंच असेल पेन, तर वही थोडी उजवीकडे कलती ठेवायला आणि हात ओळीच्या खाली ठेवायला शिकवा, शाई लवकर वाळणारी घ्या.

‘संशोधन’ कुठलं, ते अर्थातच दिलेलं नाही. हस्ताक्षर आणि मेंदू म्हटलं की हल्ली 2024 सालचा नॉर्वेतला अभ्यास पुढे केला जातो. त्यात 36 जणांच्या डोक्याला 256 इलेक्ट्रोड लावून मेंदूची नोंद घेतली. हाताने लिहिताना मेंदूच्या भागांतला संपर्क टायपिंगपेक्षा जास्त दिसला, हे खरं. पण ते सगळे विद्यापीठातले विद्यार्थी होते, पहिलीतली पोरं नव्हेत. तुलना टायपिंगशी होती, बॉलपेनशी नव्हे. आणि लिहिलं कशाने? टचस्क्रीनवर डिजिटल पेनने. शाईचा थेंबही नव्हता हो त्यात!

बॉलपेनचं म्हणणं मात्र अर्धं मान्य करावं लागेल. त्याची शाई दाट असते, गोळी फिरवायला दाब द्यावा लागतो. शाईपेन नुसतं टेकवलं तरी चालतं, कारण निबच्या चिरेतून शाई आपसूक कागदावर उतरते. दाबून लिहून ज्याची बोटं दुखतात त्याला फरक पडेल. पण जेल पेनलाही फारसा जोर लागत नाही. अक्षराचं म्हणाल, तर ते सरावाने सुधारतं. शाईपेनाने गिचमिड लिहिणारेही पुष्कळ पाहिलेत.

वहिनी, तिची पेन्सिल कंपासपेटीत परत ठेव. शाईपेन तिने मागितलंच नव्हतं.