एक चमचा चूर्ण, पेलाभर दूध आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार 'जागरूक सोलापूरकर' साहेब,

डोपामाइन (हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन) आणि कंपवात (पार्किन्सन्स) यांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी गोषवारा देतो: मी 'स्वयंघोषित मेंदूतज्ज्ञ' आहे, सोलापूरच्या सात रस्त्यावर चहा पीत नोबेलच्या गप्पा मारतो, आकडे चुकवतो, भारतीयांचं श्रेय दाबतो, सशांच्या छळाचं कौतुक करतो आणि महाग गोळ्यांची जाहिरात करतो. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य: "कंपवाताच्या पेशंटनी गोळ्या बंद करून रोज दुधातून एक चमचा खाजकुइलीचं चूर्ण घ्यावं, गोळीत आहे तेच त्यात आहे, साइड इफेक्ट शून्य." शेवटी हात जोडलेला इमोजी. आधी चिखल फेकायचा आणि मग हात जोडायचे, ही पद्धत कुठली ओ?

आकड्याचं आधी मिटवून टाकतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. लक्षणं दिसेपर्यंत ८० टक्के पेशी मेलेल्या असतात, असं मी लिहिलं होतं. ते चूक. मेंदूतल्या पुटामेन या भागातलं डोपामाइन तोवर साधारण ७० ते ८० टक्क्यांनी उतरलेलं असतं. ते बनवणाऱ्या, मेंदूतल्याच काळ्या केंद्रकातल्या (सबस्टॅन्शिया नायग्रा) पेशींची घट मात्र निम्म्याच्या आसपास असते. दोन वेगळ्या गोष्टी मी एका वाक्यात कोंबल्या. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण हेच 'अहो, हा आकडा जरा तपासा' असंही सांगता आलं असतं. शाळेत गणितात किती मार्क होते, हे विचारायची गरज नव्हती. औषधशास्त्र शिकवण्यात वीस वर्षं गेली आहेत माझी, गणिताचे मार्क आता कुणी मागत नाही.

आता ते वाक्य.

'गोळीत आहे तेच त्यात आहे.' रेणू तोच, मान्य. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताच्या गोळीतलं मुख्य औषध असतं, वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के. पण गोळीत फक्त तेच नसतं की, मालक. पाकीट हातात घेऊन बघा. त्यावर ११०, १२५ किंवा २७५ असा आकडा असतो, आणि ती बेरीज आहे: १०० अधिक १०, १०० अधिक २५, २५० अधिक २५. पहिला आकडा लेव्होडोपाचे मिलिग्रॅम, दुसरा कार्बिडोपाचे. तुमचं 'तेच' या दुसऱ्या आकड्यापाशी अडतं.

डोपामाइन स्वतः रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून त्याचा कच्चा माल, म्हणजे लेव्होडोपा द्यावा लागतो. पण त्याचं डोपामाइन करणारं एन्झाइम आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातही भरपूर असतं. नुसतं लेव्होडोपा पोटात गेलं की बराचसा माल वाटेतच संपतो. मेंदूपर्यंत पोचतो तो जेमतेम एखादा टक्का, आणि वाटेत तयार झालेलं डोपामाइन उलटी आणि मळमळ घडवतं. कार्बिडोपा हे एन्झाइम अडवतं, पण ते स्वतः मेंदूत जात नाही, म्हणून आतलं काम चालू राहतं. या एका युक्तीने लेव्होडोपाची गरज सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होते.

आता तुमचा चमचा मोजू. चहाचा चमचा शिगोशीग भरून ५ ग्रॅमचा धरू. ५ टक्के धरले तर २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा. ऐकायला भारी वाटतं. कार्बिडोपाशिवाय त्याची किंमत चौथा हिस्सा, म्हणजे गोळीतल्या ६० मिलिग्रॅमइतकी. दिवसाला १०० च्या चार गोळ्या घेणाऱ्या माणसाला तेवढाच परिणाम हवा असेल तर १६०० मिलिग्रॅम नुसतं लेव्होडोपा लागेल, म्हणजे ३२ ग्रॅम चूर्ण, सहा चमचे आणि वर थोडं. तेही बियांत खरोखर ५ टक्के असेल तर. जात, शेत, साठवण आणि शिजवण यांनी हा आकडा हलतो. बी पाण्यात उकळलं की लेव्होडोपा पाण्यात उतरतं. शिवाय रक्तातलं लेव्होडोपा कार्बिडोपासह घेतलं तरी दीड तासात निम्म्यावर येतं. 'रोज एक चमचा' सकाळी घेतला तर दुपारी बाराला त्या माणसाने काय करायचं, खुर्चीत खिळून बसायचं?

आणि वर दूध. इतकं सगळं सुचवताना नेमकं दूधच का सुचलं? लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना ते ज्या वाहकावर बसतं, त्याच वाहकासाठी जेवणातल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही रांगेत असतात. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिनं, म्हणजे रांग तुम्हीच लावून दिलीत. हाच नियम आपल्या ताटालाही लागू. कडक भाकरी बिचारी फारशी आड येत नाही, पण शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं असतात, तेव्हा मूठभर शेंगाचटणीबरोबर घेतलेली गोळी कधी चढते, कधी चढतच नाही. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान तासाभराने, पाण्याबरोबर. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर, कारण लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं. चटणी सोडा असं मी म्हणत नाही. सोलापुरात राहून तसं म्हणायची छाती नाही माझी.

'गोळ्या बंद करून' या तीन शब्दांवर मला सगळ्यात जास्त राग आला. वर्षानुवर्षं लेव्होडोपा घेणाऱ्याने ते एकदम थांबवलं तर अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो, घाम फुटतो, माणूस बरळू लागतो, ताठलेले स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येतो. जीव जाऊ शकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना हे झालं तर घरचे ऊन लागलं समजून कांद्याचा रस चोळत बसतील. उलट कुणी गोळी चालू ठेवून वर तुमचा चमचा घेतला, तर कार्बिडोपा आधीच रक्तात असल्यामुळे चूर्णातल्या लेव्होडोपालाही मेंदूची वाट मोकळी. मग हात-पाय-मान आपोआप वळवळणं, नसलेली माणसं दिसणं, उठून उभं राहताच रक्तदाब कोसळून आपटणं. एकच चमचा, पण गोळीविना अपुरा आणि गोळीसह अति. हे तुमच्या तीन ओळींत कुठे होतं?

'साइड इफेक्ट शून्य' यावर एकच गोष्ट सांगतो. १९१३ साली मार्कुस गुगनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने घेवड्याच्या जातीतल्या बाकल्याच्या शेंगांतून लेव्होडोपा वेगळं काढलं आणि त्यातलं अडीच ग्रॅम स्वतःच खाऊन बघितलं. शेंगेतलंच होतं, शंभर टक्के नैसर्गिक. साहेब ओकून ओकून बेजार झाले. उलटीचं कारण वर आलंच आहे. गोळीनेही उलटी होते, नाही असं नाही. पण तिथे करण्यासारखं काही असतं. कार्बिडोपा दिवसाला ७० ते १०० मिलिग्रॅम पोटात गेलं तरच ते एन्झाइम पुरतं अडतं. ११० ची गोळी दिवसातून तीनदा घेतली तर ते भरतं फक्त ३०. अशा वेळी डॉक्टर १२५ वर नेतात, तीनदा घेतली की ७५. आणि मळमळते म्हणून दुकानातून परस्पर मेटोक्लोप्रमाइड ही उलटीची गोळी आणू नका. ते मेंदूत शिरून डोपामाइनचीच कुलपं बंद करतं, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. चक्करेसाठी वर्षानुवर्षं चालू असलेली सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन हीसुद्धा त्याच माळेतली; काही जणांचा 'कंपवात' याच गोळ्यांनी आलेला असतो.

'लंडनमध्येही सिद्ध झालंय' हे तुमचं अर्धं वाक्य. ते २००४ चं काम, मला माहीत आहे. पेशंट आठ. ३० ग्रॅम चूर्ण विरुद्ध २०० अधिक ५० ची गोळी. चूर्ण लवकर चढलं आणि सुमारे ३७ मिनिटं जास्त टिकलं, हे खरं आहे आणि ते मी लेखात लिहायला हवं होतं. पण तीस ग्रॅम, मोजलेलं, त्यात १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा आहे हे तपासलेलं, डॉक्टर शेजारी बसलेले. तुमचा चमचा आणि ते चूर्ण यांत फक्त नाव समान आहे.

श्रेयाचं बोलायचं तर दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली मद्रासला खाजकुइलीतून लेव्होडोपा वेगळं केलं, ते मी लिहिलं नव्हतं, आता लिहिलं. दाबलं म्हणू नका, राहिलं म्हणा. मुंबईचे डॉक्टर रुस्तम वकील यांचं सर्पगंध या रक्तदाब उतरवणाऱ्या वनस्पतीवरचं १९४९ चं काम तर तिसऱ्या परिच्छेदातच होतं. तिथवर पोचला होतात ना? त्याच सर्पगंधातल्या, मेंदूतलं डोपामाइन रिकामं करणाऱ्या रेसरपीनने १९५७ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांचे ससे निपचित पडले आणि लेव्होडोपाने उठले. मद्रासच्या कामात रसायन होतं, रोगाशी नातं नव्हतं, कारण मेंदूत डोपामाइनचं काही स्वतंत्र काम आहे हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आणि 'नोबेल गोऱ्यांनाच' म्हणता, तर व्हिएन्नाचे मेंदूशास्त्रज्ञ ओलेह हॉर्निकिएविच गोरेच होते. १९६० साली सहकारी एहरिंगर यांच्याबरोबर त्यांनी मृत माणसांच्या मेंदूतल्या स्ट्रायटमचा (पुटामेन ज्यात येतो तो भाग) अर्क आयोडीनच्या रासायनिक क्रियेतून नेला. निरोगी मेंदूच्या नळीत गुलाबी रंग आला, कंपवाताच्या नळीत जवळजवळ काहीच नाही. उपकरणात आकडा बघण्याआधी डोळ्यांनी दिसलं. २००० सालच्या नोबेलमध्ये कार्लसन होते, हॉर्निकिएविच नव्हते. अडीचशेहून जास्त मेंदूशास्त्रज्ञांनी सह्या करून जाहीर नाराजी कळवली. तिथे कातडीचा रंग कुठे लावायचा, ते तुम्हीच सांगा.

सशांवर स्वतंत्र लिहीन. किमतीचा मुद्दा वेगळा आहे, त्यात आज शिरत नाही. चहा सात रस्त्यावरचाच होता, ते खरं.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. फक्त त्या एका वाक्याच्या वर ठळक अक्षरांत 'असं करू नका, गोळी आपल्या मनाने थांबवू नका' एवढी ओळ घातली आहे. ते वाक्य काढून पुन्हा टाकलीत तर ओळही काढतो आणि बाकीचं जसंच्या तसं ठेवतो, 'स्वयंघोषित'सकट.