तो जोड पुसू नका रे!

आज सकाळी एका ग्रुपवर बीटल्स या इंग्लिश बँडच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' गाण्याची 'दुरुस्त केलेली' क्लिप येऊन पडली. साठाव्या सेकंदाच्या आसपासचा दोन टेपांमधला जोड घासूनपुसून गुळगुळीत केलाय, आणि खाली वाहवा. डोकंच फिरलं. अरे, त्या जोडातच तर गाण्याचा जीव आहे!

डिसेंबर 1966. बीटल्सकडे एकाच गाण्याची दोन रूपं तयार. सातवा टेक (म्हणजे ध्वनिमुद्रणाची सातवी खेप) संथ. सव्विसावा जलद, वरच्या पट्टीतला, त्यावर 4 ट्रंपेट आणि 3 चेलो. गाणाऱ्या जॉन लेननला सुरुवात पहिल्याची हवी, शेवट दुसऱ्याचा. निर्माते जॉर्ज मार्टिन म्हणाले, पट्टी वेगळी, लय वेगळी, कसं जमायचं? लेननचं उत्तर काय, तर ते तुम्ही बघा. (असं गिऱ्हाईक सगळ्यांच्याच नशिबी असतं.)

टेप हळू फिरवली की लय आणि सूर दोन्ही एकदमच उतरतात. एकट्याला उतरवायची सोय नाही. सव्विसावा टेक जलदही होता आणि चढाही, म्हणून निभावलं. जलद पण खालच्या पट्टीतला असता, तर लय जुळवता जुळवता सूर आणखीच खोल गेला असता. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी वेग जुळवला, टेप कापली, चिकटवली. 'तुम्ही बघा'चं उत्तर एवढंच.

हो, आज सॉफ्टवेअरमध्ये लय न हलवता पट्टी बदलता येते. मान्य. पण मग तो जडावलेला आवाज कुठून आणाल? टेपबरोबर लेननचा गळाही उतरला. मिनिटभर जागा असलेला माणूस जोडानंतर झोपेत बोलतोय असं वाटतं. आणि हे तुम्ही दुरुस्त करताय?

असो. सुरुवातीची बासरी ऐका, राग जातो. ती बासरी नाहीच, बीटल्समधल्याच मॅकार्टनीने वाजवलेला मेलोट्रॉन, म्हणजे टेपवर चालणारा कीबोर्ड आहे. त्यात प्रत्येक सुराला टेपची वेगळी फीत. जेमतेम आठेक सेकंद वाजते, बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे ओढते. सूर किंचित डुगडुगतो तो त्या टेपमुळे.

मग हेडफोन लावून पन्नासाव्या सेकंदापासून ऐका. जोड ओलांडला की चेलो खालून घुसतात, आणि थोड्या वेळाने तारा खळाळत उतरतात. तो बीटल्समधलाच जॉर्ज हॅरिसन. क्लिपखाली तिघांनी 'सतार' लिहिलंय. सतार नाही हो, स्वरमंडळ! आपले गवई मांडीवर घेऊन बसतात तेच.