हरलेल्याने जायचं कुठं?

अमेरिकेत आल्यावर मी पहिलं मत दिलं ते एका युनियनच्या अध्यक्षपदासाठी. व्हिसावर राहणाऱ्याला इथे सरकार निवडता येत नाही, आणि भारतातलं मत द्यायचं तर त्या दिवशी नाशिकला हजर राहावं लागतं. पण २०२२ मध्ये मी कॅलिफोर्नियात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक, होते आणि आमची संघटना होती युनायटेड ऑटो वर्कर्सची, म्हणजे मोटार कामगारांची. प्रयोगशाळेत उंदरांना इंजेक्शनं देणारी मी आणि डेट्रॉइटकडे ट्रकला दारं बसवणारा गडी, दोघं एकाच युनियनचे सभासद. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते.

बाबांची उभी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, मशीन शॉपला गेली. मी शाळेत असताना त्यांच्या युनियनची निवडणूक झाली. दोन पॅनेल होती. बाबांचं पॅनेल हरलं आणि त्यांनी तक्रार केली, की मतदानाच्या आधीच्या आठवड्यात भराभर पावत्या फाडून नवे सभासद यादीत घुसवले. जिंकलेले म्हणाले, वर्गणी भरली म्हणजे सभासद झाला. मतपेटी कुलूप लावून कुणाच्या तरी घरी गेली. दोन्ही बाजूंनी आपापल्या कार्यकारिणीची नावं रजिस्ट्रारकडे, म्हणजे युनियनची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे पाठवली. मॅनेजमेंटने हात जोडून सांगितलं, "तुमचं काय ते ठरवा, मग करारावर बोलू." शेवटी हरलेल्यांनी गेटवर वेगळा झेंडा लावला. पगारवाढीचा करार दोन वर्षं लांबला आणि शेजारच्या मशीनवरच्या काकांशी बाबांचं बोलणं तुटलं. ते काका जिंकलेल्या पॅनेलचे.

तसा कायदा होता. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती करून कलम २८-१अ घातलं होतं. अमुक माणूस पदाधिकारी आहे की नाही, असा वाद उठला तर सहा महिने जुना सभासद औद्योगिक न्यायालयात जाऊ शकतो, मात्र रजिस्ट्रारची संमती घेऊन. बाबांच्या लोकांनी अर्ज केलाही, पण कागद फिरत राहिला. अर्जापेक्षा झेंडा स्वस्त, हे त्यांना लवकर कळलं.

आता माझ्या निवडणुकीचं सांगते. या युनियनचे दोन माजी अध्यक्ष, गॅरी जोन्स आणि डेनिस विल्यम्स, युनियनच्या पैशाच्या अपहारात तुरुंगात गेले होते. त्यानंतर २०२१ मध्ये सरकारशी समझोता झाला, न्यायालयाच्या देखरेखीखाली एक निरीक्षक बसला, आणि सभासदांनी सार्वमत घेऊन ठरवलं की अध्यक्ष यापुढे अधिवेशनातले प्रतिनिधी निवडणार नाहीत, प्रत्येकजण थेट मत देईल. मतपत्रिका टपालाने येणार होत्या. मी नुकतंच घर बदललेलं. माझी मतपत्रिका जुन्या पत्त्यावर गेली आणि तिथल्या नव्या भाडेकरूने कृपा केली म्हणून हाती पडली. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. सुमारे दहा लाख मतपत्रिका गेल्या, परत आल्या जेमतेम एक लाखावर. मॅक ट्रक्सचा एक कामगार स्वतः उमेदवार होता. लोकांना निवडणूक आहे हेच माहीत नाही, मुदत वाढवा, म्हणून तो न्यायालयात गेला. न्यायालयाने नाही म्हटलं. मला तो निकाल आजही पटत नाही.

पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, म्हणून फेरनिवडणूक शॉन फेन आणि तेव्हाचे अध्यक्ष रे करी यांच्यात झाली. १ मार्च २०२३ ला सुरू झालेली मोजणी २५ तारखेपर्यंत चालली, कारण आक्षेप घेतलेल्या मतपत्रिका बाजूला काढून एकेकीची पात्रता तपासत होते. फेन ४८३ मतांनी जिंकले. एक लाख चाळीस हजारांच्या आसपास मतं पडलेल्या निवडणुकीत ४८३! करींच्या बाजूने आक्षेप नोंदवले गेले होते, तरी निरीक्षकाने निकाल दिल्यावर त्यांनी खुर्ची सोडली. २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये करारासाठीचं अधिवेशन भरलं तेव्हा निम्मं सभागृह हरलेल्यांचं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात याच युनियनने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारला.

हरलेल्यांनी वेगळा झेंडा का लावला नाही? मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही. लावताच येत नव्हता. इथे एका गटातल्या कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच युनियनला असतो. बाहेर पडून दुसरी काढली तरी मालक तिच्याशी बोलायला बांधील नाही. म्हणून भांडण घरातच मिटवावं लागतं, आणि त्यासाठी १९५९ च्या कायद्याने वेळापत्रक घालून दिलं आहे. आधी युनियनमध्ये दाद मागा. तीन महिन्यांत निर्णय आला नाही तर पुढच्या महिन्याभरात कामगार खात्याकडे जा. खात्याने ६० दिवसांत तपास करून, कारण दिसलं तर, खटला भरायचा. मतपत्रिका वर्षभर जपून ठेवायच्या, प्रचाराला युनियनचा पैसा वापरायचा नाही. या शेवटच्या दोन गोष्टी बाबांना सांगितल्या तेव्हा ते हसले नाहीत.

पण हे रामराज्य नाही. १९६९ मध्ये खाण कामगारांच्या युनियनमध्ये जॉक याब्लोन्स्की हे तेव्हाचे अध्यक्ष टोनी बॉयल यांच्याविरुद्ध उभे राहिले. गैरप्रकार चाललेत, आत्ताच चौकशी करा, असं ते मतदानाआधी कामगार खात्याला विनवत होते. खात्याने निवडणूक होऊन जाईपर्यंत हात घातला नाही. ते हरले, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या राहत्या घरी पत्नी आणि मुलीसह त्यांचा खून झाला. पुढे त्या खुनाबद्दल बॉयलच दोषी ठरले. निवडणूक रद्द व्हायला १९७२ उजाडलं. शिवाय सभासदाला स्वतः खटला भरता येत नाही, खात्याच्या मर्जीवर बसावं लागतं. त्यापुढे आपल्या रजिस्ट्रारची संमती फार वेगळी वाटत नाही. पोलाद कामगारांच्या एका शाखेत तर नियम असा होता, की निवडणुकीआधीच्या तीन वर्षांत निम्म्या सभांना हजेरी असेल तरच उभं राहता येईल. ६६० पैकी २३ जण पात्र ठरले, त्यातले नऊ आधीच पदावर. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोडीत काढला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण घरची चर्चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून भारतात जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. माझा धाकटा भाऊ चाकणला असतो. त्याच्याशी बोलणं झालं की विषय ठरलेले: संपाआधीची नोटीस, ३०० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला सरकारी परवानगीशिवाय कामगारकपात करायची किंवा कारखाना बंद करायची मुभा. राग रास्त आहे. पण या चारातल्या औद्योगिक संबंध संहितेतली आणखी एक तरतूद फारसं कुणी बोलून दाखवत नाही. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल ती युनियन एकटी वाटाघाटी करणार. म्हणजे आपणही थोडेफार इथल्यासारखे होणार. वेगळा झेंडा लावण्याची वाट बंद होत नाही, पण तो लावून हाती काही लागणार नाही. मग सगळी चुरस त्या एका युनियनच्या आत येईल, आणि सरचिटणीस कोण यावरून आजवर झाली नाहीत इतकी भांडणं होतील.

संहितेने पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचे वाद न्यायाधिकरणाकडे नेण्याची सोय केली आहे, हे चांगलं. पण मला हवा आहे तो दिवसांचा आकडा. करार साधारण तीन-चार वर्षांचा असतो. निकाल त्यानंतर आला तर तो कुणाच्या कामाचा? आणि मतदारयादी मतदानाआधी महिनाभर गेटवर लावा. गेल्या आठवड्यात पावती फाडलेल्याला मत नाही, एवढं युनियनच्या घटनेत लिहून ठेवलं असतं तरी सातपूरचं अर्धं भांडण झालंच नसतं. आपल्याकडे वाद घालतात तो नेता बाहेरचा की कामगारांतला यावर. गिरणगावापासून हेच चालू आहे. यादी कोण ठेवतो, हा प्रश्न कुणाला महत्त्वाचा वाटत नाही, कारण तो कंटाळवाणा आहे.

भाऊ म्हणतो, "ताई, आमच्या लाइनवर निम्मी पोरं कंत्राटी. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. तू कुठली निवडणूक घेऊन बसलीस?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. अमेरिकेतही दहा कामगारांत जेमतेम एकजण युनियनमध्ये आहे, हे मी त्याला सांगते, पण ते काही उत्तर नव्हे.

बाबा आणि शेजारच्या मशीनवरचे काका आता दोघंही निवृत्त आहेत. ईपीएस-९५, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन वाढवून मागणाऱ्या मोर्चाला दोघं एकाच स्कूटरवरून जातात. परतताना चहाच्या टपरीवर त्या निवडणुकीचा विषय निघतोच. मतपेटी कुणाच्या घरी गेली होती, यावर अजून एकमत नाही.