जमादाराची बोंब

आमच्या घरी दुपारी डोळा लागणार की नाही, हे आभाळात कोण फिरतंय त्यावर ठरतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं, आता ओसरीत बाज टाकायची, वरण-भाकर जिरवायची आणि चार वाजेपर्यंत कोणाच्या बापाला भ्यायचं नाही. पण त्याच सुमारास बायको बचत गटाच्या बैठकीतून गावरान कोंबड्या पाळायचं ठरवून आली. आता आंगणात कोंबड्या, तलंगी, पिल्लं आणि दोन कोंबडे असा भरला संसार आहे. संसार तिचा, राखण माझी. "तुम्ही घरीच असता नं जी," या वाक्यावर रिटायर माणसाला अपील नाही.

मुंगूस आणि बोका यांची धास्ती रात्रीची. खुराड्याला कडी लावली की मिटली. दिवसाची भानगड वरून येते. गावावर घारी फिरतात, धुऱ्यावरच्या बाभळीवर कापशी बसते आणि आमच्याच कडुनिंबात शिक्रा. घार दिसायला मोठी, शेपटीत खाच, आभाळात निवांत गोल गोल फिरणार. तिचा धाक अख्ख्या गावाला. पण पिल्लू उचलण्यात शिक्रा तिच्याहून पक्का. कबुतराएवढा जीव, लालभडक डोळे, छातीवर तांबूस पट्टे. तो घिरट्या घालून आगाऊ नोटीस देत नाही. पानात दडून बसतो आणि जमिनीच्या लगत सुळकन येतो. कापशीचा तर काही गुन्हाच नाही. ती वावरावर एका जागी पंख फडफडवत थांबते, उंदीर दिसला की उतरते, शेतकऱ्याचं भलं करते. पण हे कोंबड्यांना सांगणार कोण? त्यांच्या लेखी वरचं ते सगळं वाईट.

आणि हे वाईट ओळखायचं खातं जमादाराकडे आहे. जमादार म्हणजे थोरला कोंबडा. अंग तांबडं, शेपटीला हिरवी झाक, चाल अशी की हवालदारानं वाटेतून बाजूला व्हावं. नाव आईनं ठेवलं. दुसरा कोंबडा पांढुरका, अंगानं भरलेला, पण तोंडातून अक्षर काढत नाही, म्हणून तो मुका. मुका दिवसभर कुटारात चोच घालून खातो. जमादार मान वाकडी करून एक डोळा आभाळाला लावून उभा असतो. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे तिला जवळजवळ ३०० अंशांत दिसतं. तरी उंचावरचं नीट न्याहाळायचं तर मान कलती करून एकच डोळा वर करावा लागतो. माझी पुतणी नागपूरला जनावरांची डॉक्टरकी शिकते. ती म्हणाली, "मोठेबाबा, वरचा शत्रू हेरायला कोंबड्या जास्त करून डावा डोळा वापरतात, तसं संशोधन आहे." मी बाजेवर पडल्या पडल्या निरीक्षण केलं. जमादार कधी डावा लावतो, कधी उजवा. ते संशोधन त्याच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही.

बोंबेचे प्रकार दोन. बोका किंवा कुत्रं जमिनीवरून आलं तर "कॉक-कॉक-कॉक-कडाक" असा ठणाणा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. त्या वेळी कोंबड्या माना ताठ करून इकडेतिकडे बघत उभ्या राहतात. वरून काही आलं तर आवाज वेगळा: गळ्यातून लांबवर ताणलेला "क्र्र्र्रीऽऽ". तो कुठून आला याचा पत्ता चटकन लागत नाही, आणि कोंबडा दिसत नसेल तर अजिबातच लागत नाही. तो कानावर पडला की कोंबड्या जागच्या जागी नाहीशा होतात. कोणी बैलबंडीखाली, कोणी पऱ्हाटीच्या ढिगात, कोणी माझ्या बाजेखाली. पिल्लं आईच्या पंखाखाली. उघड्यावर सापडलेली एखादी तलंग जमिनीला चिकटून अशी निपचित पडते की पायाखाली यावी. वर्णन करायला मला वेळ लागला, त्यांना लागत नाही.

ख्रिस्तोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर या तिघा संशोधकांनी १९९३ मध्ये हेच तपासून छापलं. एकट्या कोंबडीला नुसत्या आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकवलं, शत्रू कुठेच नाही. तरी वरचा आवाज ऐकून ती आडोशाला पळाली, दबकली, वर पाहू लागली आणि खालचा आवाज ऐकून ताठ झाली. म्हणजे कोंबडा नुसता घाबरून ओरडत नाही, कुठून काय आलं ते सांगतो. पुतणीनं हे मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, "बाई, सांगतो हे खरं, पण खरं सांगतो का ते पाह्यलं का कोणी?"

कारण जमादाराच्या यादीत काय काय आहे ते ऐका. छत्री. उन्हाळ्यात बायको अंगणात कुरड्या राखायला छत्री उघडून बसते. छत्री फट्‌कन उघडली की क्र्र्र्रीऽऽ. दोरीवर वाळत घातलेली गोधडी वाऱ्यानं फुगली की क्र्र्र्रीऽऽ. डोक्यावरून गेलेला कावळा, सुटलेली प्लॅस्टिकची पिशवी, एकदा तर पिवळं फुलपाखरू. संक्रांतीच्या आठवड्यात पोट्टे गच्चीवरून "ओ काऽऽट" करतात आणि आमच्या कोंबड्या पऱ्हाटीतच मुक्काम ठोकतात. निवडणुकीत तालुक्याच्या सभेला पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर गेलं तेव्हा गावातली झाडून सगळी माणसं वर बघत रस्त्यावर आली आणि आमच्या घरचे सगळे जीव खाली बघत जमिनीत शिरले. तेवढ्यापुरतं मला जमादाराचं पटलं.

कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन या प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासकांनी १९३७ मध्ये पुठ्ठ्याचा पक्षी तारेवरून ओढून पाहिला होता. आखूड मान पुढे असली की तो ससाण्यासारखा दिसे, उलटा ओढला की लांब मानेचा हंस. पाखरं ससाण्याला जास्त भ्याली. पुढे इतरांनी दाखवलं की मानेपेक्षा सवयीचा भाग मोठा. रोज डोक्यावरून जाणाऱ्या आकाराची भीती मोडते. आकार केवढा दिसतो आणि वेग किती, यालाही कोंबडे फार मानतात, असंही नंतर दिसलं. आमच्या छत्रीला तर मानच नाही, आणि सवयीचं म्हणाल तर नागपूरकडे जाणारं विमान जमादार पिल्लू होता तेव्हापासून जातंय.

"आरं, थो बोंबलून रायला, पाय ना जरा!" आई आतून ओरडते.

"माय, विमान हाये."

"विमान कोंबडी नेत नायी हे तुले कोनं सांगतलं?"

मग उठायचं. काठी घ्यायची, "हुर्रर्रऽऽ" करत आंगणात फिरायचं, कडुनिंबाखाली उभं राहून वर बघायचं. कारण शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा पिशवी असते आणि एक वेळ शिक्रा असतो, आणि आवाज दोन्ही वेळा तोच. शेजारच्या भाऊंनी गलोल देऊ केली. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारी पक्ष्याला मारता येत नाही. शिक्र्याला कायद्याचं संरक्षण आहे, कोंबड्यांना माझं. जुन्या कॅसेटची फीत आंगणावरून ताणून बांधली, वाऱ्यात चमकते, आवाज करते. शिक्रा दुसऱ्या दिवशी तिच्याच खालून आला. जमादार मात्र अजून तिला भितो.

खरं शौर्य पाहायचं असेल तर विजेच्या तारेकडे पाहावं. तिथे कोतवाल बसतो, काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, मुठीएवढा. घार जवळ आली की हा सरळ तिच्या पाठीवर झेप घेऊन तिला हाकलून लावतो. ना पगार, ना दाणे. जमादार हे सगळं बंडीखालून पाहतो.

हे बंडीखालचं मी बायकोच्या ध्यानात आणून दिलं. जमादार उघड्यावर असला की आधी पळतो आणि आडोसा मिळाल्यावर गळा मोकळा सोडतो. पुतणीनं यावरही फोनवर कागद काढला: कोंबडे झुडपाखाली असले की त्यांची वरची बोंब लांबते. शिवाय कोंबडा एकटा असला तर घार दिसूनही बहुतेक गप्प बसतो; ऐकायला कोंबड्या असल्या की ओरडतो. बायकोला हे ऐकून आनंद झाला, मला वाटलं तसा राग आला नाही. "ऐकायला कोनी असल्याबिगर कोन बोलते जी?" ती म्हणाली. मी चाळीस पोरांसमोर नोकरी केलेला माणूस, पुढे बोललो नाही.

यंदा कहर झाला तो ड्रोननं. बाजूच्या वावरात तुरीवर फवारणीला भाड्यानं ड्रोन आणला होता. एवढं मोठं, गुरगुरणारं, डोक्याएवढ्या उंचीवरून येऊन पुन्हा वळून येणारं पाखरू जमादारानं सात जन्मात पाहिलं नसेल. त्या दिवशी आवाज असा लागला की पलीकडच्या आळीतल्या कोंबड्यापण लपल्या. ड्रोन चालवणारी ताई पाणी प्यायला आली तर विचारते, "तुमच्याकडे कोंबड्या नाहीत का?" संध्याकाळी पऱ्हाटीचा ढीग काडी काडी उपसून एकेक बाहेर काढली. माझ्या हाताला ते ओरखडे अजून आहेत.

त्याच आठवड्यात जावई यायचे होते. गावरान रस्सा होणार हे ठरलेलं, प्रश्न फक्त कोणाचा. मी जमादाराचं नाव सुचवलं. शांतपणे, मुद्देसूद, ड्रोनचा दाखला देऊन. आईनं मधेच तोडलं. "राखनदाराले कापते काय कोनी? त्या मुक्याले काप. बोलत नायी, सांगत नायी, नुसता खाते." बायको आईच्या बाजूनं. मी एकटा पडलो. जावयांनी दोनदा वाढून घेतलं आणि असा कोंबडा आमच्याकडे मिळत नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आंगण शांत. छत्री उघडली, जमादार मुकाट बंडीखाली. गोधडी फुगली, बंडीखाली. विमान गेलं, फक्त मान वाकडी. बाजेवर पडलो तर डोळा लागेना. शेवटी पुतणीला फोन केला. ती हसायलाच लागली. "मोठेबाबा, तो कागद तुम्ही अर्धाच ऐकला होता. खालच्या पायरीचा दुसरा कोंबडा जवळ असला तर थोरल्याची बोंब आणखी लांबते. घारीनं उचललाच तर दुसऱ्याला उचलण्याची सोय असते नं."

म्हणजे मुका नुसता खात नव्हता. जमादाराच्या पराक्रमाचा जामीन होता तो.

आता उलटं झालंय. पूर्वी तो ओरडला की उठायचो, आता ओरडत नाही म्हणून उठतो. "जमादार गप काहून हाये? पाहून या नं जी," असं बायको दर थोड्या वेळानं म्हणते आणि मी काठी घेऊन शांतता तपासून येतो. शिक्रा कडुनिंबातून माझ्याकडे बघत असतो. शेवटी आठवडी बाजारातून दुसरा कोंबडा आणायचं घरात एकमतानं ठरलं. आई म्हणाली भरलेला पाहिजे, बायको म्हणाली स्वस्त पाहिजे, मी म्हटलं मुका पाहिजे.

विकणाऱ्यानं माझ्याकडे खालून वर पाहिलं. "मास्तर, बिमार पायजे असन तर सिद्दा सांगा नं, कमी भावात देतो."