लेनिनग्राडची शरणागती घेणार कोण होतं?

भाची नववीत आहे. काल तिने इतिहासाच्या प्रकल्पाची वही दाखवली, तर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर फिरणारा मजकूर तिने त्यात जसाच्या तसा उतरवलेला. विषय होता दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) घातलेला वेढा. मजकुराचं म्हणणं असं: स्टालिनच्या हट्टापायी लेनिनग्राडची माणसं उपाशी मेली, शहर जर्मनांच्या हवाली केलं असतं तर पॅरिससारखं सुखरूप राहिलं असतं, अन्न संपलं ते शहरातली बादायेव नावाची धान्याची गोदामं जळाली म्हणून, आणि ९०० दिवस शहरात दाणाही गेला नाही.

यातल्या शरणागतीच्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं. अहो, शरणागती घ्यायला समोर कोणी तयारच नव्हतं! ७ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन सैन्याच्या सर्वोच्च मुख्यालयातला सेनापती आल्फ्रेड योडलच्या सहीने आदेश निघाला की लेनिनग्राडने शरणागती देऊ केली तरी ती स्वीकारायची नाही. शहरातून जर्मन फळीकडे कोणी आलंच, तर गोळीबार करून मागे हाकलायचं. त्याआधी, २२ सप्टेंबरच्या जर्मन नौदलाच्या टिपणात कारणही स्पष्ट लिहिलंय: इथल्या लोकांना पोसायचा प्रश्न आपण सोडवू शकत नाही आणि सोडवायचाही नाही. हे माझ्या मनचं नाही. युद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्याच्या निकालपत्रात योडलच्या आदेशाचा उल्लेख आहे, आणि १९४६ मध्ये योडल फासावर गेला.

शरण गेलेल्यांचं काय झालं तेही बघा. फेब्रुवारी १९४२ पर्यंत सुमारे २० लाख सोव्हिएत युद्धकैदी जर्मन कैदेत मेले, बहुतेक भुकेने, थंडीने आणि रोगाने. लेनिनग्राडच्या वेशीवरचं पुश्किन तर जर्मनांच्याच ताब्यात होतं. तिथेही लोक भुकेने मेले, आणि ज्यूंना सुरुवातीलाच गोळ्या घातल्या. पॅरिसचं उदाहरण इथे लावणं म्हणजे मेलेल्यांनाच दोष देणं.

स्टालिन धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. माणसं वेळेत बाहेर काढली नाहीत. काही मुलांना तर दक्षिणेकडे, म्हणजे थेट जर्मन फौजांच्या वाटेवरच्या गावांत पाठवलं. ज्या कुझनेत्सोव आणि पोपकोव या स्थानिक नेत्यांनी वेढ्याच्या काळात शहर सांभाळलं, त्यांना १९५० मध्ये स्टालिनच्याच राजवटीने गोळ्या घातल्या आणि वेढ्याचं संग्रहालयही बंद केलं. एवढं मान्य. पण वेढा घातला कोणी, हा प्रश्न त्याने पुसला जात नाही.

गोदामांचं थोडक्यात. ८ सप्टेंबर १९४१ ला आग लागली हे खरं, पण तिथलं जळालेलं पीठ सुमारे ३,००० टन. २५ लाखांच्या शहराला ते काही दिवसच पुरलं असतं.

आणि ‘दाणाही गेला नाही’ हे साफ खोटं. नोव्हेंबर १९४१ पासून शहराजवळच्या गोठलेल्या लादोगा सरोवरावरून ट्रक पीठ आत आणत होते. त्याच बर्फावरून पहिल्या हिवाळ्यात पाच लाखांहून जास्त माणसं बाहेर निघाली. जानेवारी १९४३ मध्ये वेढ्याला खिंडार पडल्यावर तर रेल्वेही सुरू झाली. वेढ्याचे दिवस ८७२, ९०० नव्हेत.

तरी २० नोव्हेंबर १९४१ पासून महिनाभर मुलांना, कारकुनांना आणि आश्रितांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा, तोही भेसळीच्या पिठाचा. काल रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेवढा पाव मोजून भाचीपुढे ठेवला. तीन छोटे पाव भरले. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “मावशी, ते पान मी फाडते.”