गंजलेली प्रोपेन टाकी आणि एक तारा: वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार काका,

तुमच्या मोटरहोमची, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीची, गंजलेली प्रोपेन गॅसची टाकी आम्ही बदलून दिली, आणि त्या कामावर तुम्ही आम्हाला एकच तारा दिलात. तुम्ही तक्रार मराठीत लिहिलीत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. तुमच्या लिहिण्यात बिल सगळ्यात आधी आलंय आणि गॅसचा वास अगदी शेवटी, एका ओळीत. मी उलट्या टोकाकडून सुरू करतो.

टाकी बसवून मोटरहोम घरी नेल्यावर दोन दिवस वास येत होता, फोन केला तर ‘नवीन टाकी आहे, थोडा वास येतोच’ असं सांगितलं गेलं, असं तुम्ही म्हणता. फोन घेणाऱ्या मुलाला मी विचारलं. तो तसंच बोलला होता. त्याचं ते उत्तर साफ चुकीचं होतं, आणि त्याला ते शिकवायची जबाबदारी माझी होती. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. नव्या टाकीचं कोरं पोलाद सुरुवातीला हे मर्कॅप्टन शोषून घेतं. म्हणजे नव्या टाकीत वास कमी व्हायची भीती असते, वाढायची नाही. तरीही तुम्हाला वास आला, म्हणजे कुठूनतरी गॅस बाहेर येत होता.

गाडी ताब्यात देण्याआधी आम्ही शेगडीपाशी मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावून गॅसची लाइन तपासली होती, सगळ्या जोडांना साबणाचं पाणीही लावलं होतं. पण टाकी पूर्ण भरली ती तुम्ही बाहेरच्या पंपावर. भरताना थोडा गॅस बाहेर सोडणारा एक छोटा ब्लीडर स्क्रू सैल करतात, तो नीट आवळला गेला नसेल अशी मला शंका आहे. नुसती शंका हं, बघितल्याशिवाय मी दुसऱ्याच्या गळ्यात चूक मारणार नाही. तोवर टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंदच ठेवा. पुन्हा वास आला तर सगळे बाहेर या, दिव्याचं बटण, पंखा, फ्रिज कशालाही हात लावू नका, आणि लांब जाऊन आधी फायर डिपार्टमेंटला फोन करा. आम्हाला नंतर. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. म्हणूनच गाडीतला गॅस अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. त्याच्या मागची तारीख एकदा बघा. टाकीला एक्स्पायरी नसली तरी अलार्मला असते.

आता एक्स्पायरीचंच घेऊ, कारण तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा तोच आहे: ‘या टाकीवर मुदतीची तारीखच नाही, म्हणजे ती आयुष्यभर चालते.’ निम्मं बरोबर आहे. आपल्याकडे घरी लाल सिलिंडर आला की आई आधी त्याच्या पट्टीवरचं ‘ए’, ‘बी’ आणि पुढचा आकडा बघायची. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, पुढचा आकडा वर्षाचा. इथे अमेरिकेत ट्रेलरवर जे सुटे सिलिंडर असतात त्यांचंही असंच आहे: १२ वर्षांनी फेरतपासणी, नाहीतर कुणी भरून देत नाही. पण मोटरहोमच्या पोटाखाली कायमची बोल्टनं बसवलेली टाकी वेगळ्या जातीची. ती एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या कोडप्रमाणे बनते आणि तिला अशी ठरावीक मुदत नसते. मग ती चालेल की नाही हे ठरवायला उरतात दोनच गोष्टी: बघणाऱ्याचे डोळे आणि टाकीवरची डेटा प्लेट, म्हणजे सिरियल नंबर, दाब वगैरे कोरलेली पट्टी.

तुमच्या जुन्या टाकीनं दोन्हीकडे मार खाल्ला होता. वरचा तांबूस गंज मला चिंतेचा वाटलाच नाही. तो खरोखरच वायर ब्रश मारून, रंग लावून चालला असता, आणि तसं मी तुम्हाला पहिल्या दिवशी बोललोही होतो. घोळ होता तो टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्यांच्या खाली. मिशिगनच्या रस्त्यांवर वीस हिवाळे मीठ पडतं, ते पाणी पट्टा आणि टाकी यांच्या फटीत शिरतं आणि तिथेच बसून राहतं. पट्टा काढल्यावर पापुद्रे हातात आले आणि खाली खड्डे दिसले, नख अडकेल एवढे. २१ अंश सेल्सिअसला प्रोपेनच्या टाकीत साधारण १२५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो, कारच्या टायरच्या जवळजवळ चौपट. खड्डा पडलेल्या पत्र्यावर तो दाब घेऊन तुम्ही महामार्गावर जायचं, तेही मागच्या पलंगावर नातवंडं झोपलेली असताना, यावर मी सही करणार नाही.

दुसरं म्हणजे प्लेट. आधीच्या मालकानं दरवर्षी इमानेइतबारे टाकी रंगवली आणि सोबत प्लेटही रंगवली. आम्ही रंग हळूहळू उतरवला. खालचा सिरियल नंबर आणि दाबाचा आकडा गंजानं खाऊन टाकला होता. प्लेट वाचता येत नसेल तर नियमानं ती टाकी भरताच येत नाही. ‘आधीचा पंपवाला काही न बोलता भरायचा,’ असं तुम्ही लिहिलंय. भरत असेल. त्यानं भरायला नको होती.

‘छोटं ठिगळ वेल्ड करून द्या’ म्हणालात, तेव्हा मी हसलो. त्याचा तुम्हाला राग आला असेल तर माफ करा. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवायचे. तिथे वेल्डिंगनं न सुटणारा प्रश्न मी लहानपणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे ते वाक्य मला घरच्यासारखं वाटलं. पण दाबाच्या टाकीला वेल्डिंग करायला ‘आर’ शिक्क्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते माझ्याकडे नाही, आणि एवढ्या लहान टाकीसाठी ते काम कुणी घेतही नाही.

१८ गॅलनची टाकी सांगून १४ च गॅलन भरले, ही तक्रार मात्र मागे घ्या. प्रोपेन उन्हात फुगतो, म्हणून वरचा पाचवा हिस्सा रिकामाच ठेवतात. १८ चे ८० टक्के म्हणजे साडेचौदाच्या आतबाहेर. तेवढ्यात साधारण २७ किलो गॅस बसतो, म्हणजे आपले १४.२ किलोचे जवळजवळ दोन सिलिंडर. जुन्या टाकीतही तेवढाच बसत होता.

आता बिल. अंदाज दिला होता १२०० डॉलरचा: टाकी ७८० आणि तीन तासांची मजुरी ४२०. हातात पडलं १५७५ चं बिल. यातले ९५ नव्या रेग्युलेटरचे, म्हणजे टाकीतला दाब कमी करून गॅस पुढे सोडणाऱ्या भागाचे, आणि त्याच्या नळीचे. जुना रेग्युलेटर टाकीइतकाच म्हातारा होता आणि त्याचं हवेचं छिद्र गंजानं बुजलं होतं, तेव्हा तो बदलणं योग्यच होतं. मात्र बदलण्याआधी तुम्हाला फोन जायला हवा होता, तो गेला नाही. उरलेले २८० दोन जादा तासांचे. बोल्ट जाम झाले होते. गावी असतो तर गॅस कटर लावून पाच मिनिटांत उडवले असते, पण प्रोपेनच्या टाकीशेजारी ज्योत नेता येत नाही, म्हणून तेल सोडून, वाट बघून, एकेक हातानं काढावा लागला. आता वीस वर्षं मिठात भिजलेले बोल्ट जाम असणार, हे मला कळायला नको? अंदाज देतानाच ते तास धरायचे होते. ते २८० डॉलर मी परत करतोय.

दहा दिवस सांगून पाच आठवडे लागले, यातही चूक आमचीच. प्लेट वाचता येत नसल्यानं टाकी मापावरून मागवली. लांबी बरोबर घेतली, व्यासही बरोबर, पण पायांमधलं अंतर दीड इंच चुकलं. शिवाय व्हॉल्व्ह गाडीच्या बाजूच्या छोट्या दारासमोर येईना. ती परत पाठवून दुसरी येईपर्यंत सप्टेंबर गेला आणि त्यासोबत मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलाची तुमची सहल. पानांचे रंग पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नाहीत, हे इथे राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. खरं तर तुमची गाडी अडकून राहायचं कारणच नव्हतं. जुनी टाकी उतरवल्यावर मुक्कामापुरता बाहेर जमिनीवर २० पौंडांचा साधा सिलिंडर ठेवून तो रेग्युलेटरला जोडून देता आला असता. चालत्या गाडीत तो जोडलेला ठेवायचा नाही, एवढं पथ्य. शेगडी आणि हीटर चालले असते. हे मला सुचलं तुमची तक्रार वाचताना, तेव्हा नाही.

‘आपला माणूस म्हणून गेलो होतो,’ असं शेवटी लिहिलंत. आपला माणूस म्हणून मजुरीत सूट दिली नाही हे खरं. ती मी बहिणीच्या व्हॅनलाही देत नाही, आणि ती अजून बोलते माझ्याशी, अधूनमधून.

उद्या शनिवारी सकाळी नऊला मी स्वतः तुमच्या घरी येतो, तपासणीचे पैसे नाहीत. गळती सापडेपर्यंत हलणार नाही. २८० चा चेक सोबत आणतो. जुनी टाकी रिकामी करून मागे ठेवली आहे, तीही ट्रकमध्ये टाकून आणतो. पट्ट्याखालच्या जागेवर एकदा बोट फिरवून बघा, आणि मग तारे किती द्यायचे ते तुम्हीच ठरवा. काकूंना सांगा, चहा चालेल, पण गाडीतल्या शेगडीवर नको.