द्राक्षाचा भाव उतरवला की खप वाढतो. गल्ला वाढेलच असं नाही

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचा बाजार पडला की सल्ला ठरलेला: भाव उतरवा, गिऱ्हाईक वाढेल. गिऱ्हाईक वाढतं, त्यात वाद नाही. पण किती वाढतं हे न मोजता असा सल्ला देणं मला घातक वाटतं.

समजा, एका फळवाल्याचा ८० रुपये किलोने दिवसाला ५० किलो माल जात होता. भाव ६० केला, ६५ किलो गेला. खप ३० टक्के वाढला, तरी गल्ला ४,००० वरून ३,९०० वर आला. खरेदी ५० ची असेल तर सुटणारे पैसे १,५०० वरून ६५०! भाव एक टक्का हलला की खप किती टक्के हलतो, ती मागणीची लवचिकता. दोन्ही आकड्यांच्या सरासरीवर टक्के काढले तर इथे ती ०.९ येते. १ च्या खाली असेल तोवर भाव उतरवून गल्ला वाढत नाही. अमेरिकेतल्या १६० अभ्यासांचा एक आढावा २०१० मध्ये आला, त्यात फळांची सरासरी ०.७ निघाली.

एक घोळ टाळा: मार्च आणि एप्रिलचे आकडे शेजारी ठेवून लवचिकता काढू नका. एप्रिलमध्ये आंबा येतो, गिऱ्हाईक तिकडे वळतं. तो भावाचा परिणाम नव्हे. तुलना एकाच आठवड्यातली, एकाच प्रतीच्या मालाची हवी.

संध्याकाळचं गणित मात्र वेगळं. मणी गळायला लागले, देठ सुकले, की खरेदीचे ५० रुपये गेलेलेच असतात. तेव्हा ४० ने विकलेला किलोसुद्धा फायद्याचा. सकाळी भाव धरायचा आणि संध्याकाळी सोडायचा, यात विसंगती नाही.

खरा मार बसतो बागायतदाराला, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. गिऱ्हाईक १०० रुपये देतं, त्यातले ६० तोडणी, पॅकिंग, हमाली, भाडं, घट आणि विक्रेत्याच्या वाट्यात जातात, ४० बांधावर पोचतात असं धरू. आवक १० टक्के वाढली. लवचिकता ०.७ असेल तर तेवढा माल खपायला किरकोळ भाव सुमारे १४ टक्के उतरावा लागतो, म्हणजे ८६. मधले ६० रुपये जवळपास तसेच राहतात, कारण टेम्पोचं भाडं काही द्राक्षाच्या भावाने ठरत नाही. शेतकऱ्याच्या हाती २६ उरतात. दुकानात १४ टक्के घट, बांधावर ३५ टक्के! माल १० टक्के जास्त पिकवूनही त्याचं उत्पन्न जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बांधावरचा भाव आणखी पाडू नका, ताज्या मालाची आवक कमी करा. सांगली-तासगावकडे बेदाण्याची वाट आहे. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. बेदाणा १६० ने जात असेल तर ताज्या द्राक्षाला ४० वजा तोडणी, डिपिंग (वाळवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवणं), वाळवणीची शेड आणि मजुरी, एवढा आधार धरता येतो. त्याखाली व्यापाऱ्याला माल देऊ नये. मात्र गोडी २२ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) आसपास हवी. कच्चा माल शेडवर नेला तर उतारा पडतो आणि बेदाणा चपटा होतो. डिपिंगला लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल.

दुसरा उपाय ऑक्टोबर छाटणीतला. छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार-साडेचार महिने लागतात. सगळ्या गावाने एकाच आठवड्यात कात्री लावली तर माल एकाच आठवड्यात बाजारात येणार. गटाने बसून प्लॉटनिहाय तारखा दहा-बारा दिवसांच्या अंतराने ठरवाव्यात, आणि लवकर छाटणाऱ्याच्या वाट्याला पावसाची, डाऊनी या बुरशीजन्य रोगाची जोखीम जास्त येते, तेव्हा त्याच्या फवारणीचा वाढीव खर्च गटाने वाटून घ्यावा.